पोराच्या गाडीत मी टाकलेलं तेल

पोराची पिकअप थंडीत गचके द्यायला लागली, तेव्हा त्याचं कारण घरात फक्त मला माहीत होतं. आणि मी बोलत नव्हतो.

आधी गाडीचं सांगतो. विहिरीच्या कामावर पोराचा डावा गुडघा मोडला. हाड जुळलं, पण पाय दुमडेना. क्लच दाबणं संपलं. दोन वर्षं आमची मेथी अन् कोथिंबीर, आमच्याकडचा सांभार, तेल्हाऱ्याहून अकोल्याच्या बाजारात लोकांच्या गाडीत गेला. मग त्यानं एक जुनी पिकअप शोधून काढली, बिनक्लचची, गिअर आपोआप पडणारी. ती स्वतः चालवत तो अंगणात आला, तेव्हा सून दारातच तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

मला गाडी पटली नाही. मी परतवाडा ते धारणी जीप चालवलेला माणूस. घाटात गिअर मी कानानं टाकायचो. आपोआप पडणारा गिअर म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास.

दिवाळीत पोरगा अन् सून तिच्या माहेरी गेले. गाडी घरी होती. मी बॉनेट उघडलं. गिअरपेटीतलं तेल पाहायची पट्टी उपसली, तर तेल लाल अन् पातळ, सरबतासारखं. गिअरचं तेल मला ठाऊक आहे. मधासारखं घट्ट असतं, गंधकाचा वास मारतं, तीनदा हात धुतले तरी जात नाही. मला वाटलं, इकणाऱ्यानं पोराला फसवलं. मग नळीनं लिटरभर लाल तेल ओढून काढलं अन् कोठीतलं ट्रॅक्टरचं तेल घेतलं. बारक्या नळीतून ते उतरेना. तर डबा उन्हात तापवून, नरसाळं लावून अख्खी दुपार थेंब थेंब सोडलं. काम नीट झालं म्हणून त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. सांगितलं कोणाला नाही. मी कोणाला विचारत नसतो, तर सांगू कशाला?

थंडी पडली अन् गचके सुरू झाले. सकाळी गिअरचा दांडा ओढला की गाडी क्षणभर गप्प, मग धाडकन. मागं भाजीचे कॅरेट एकमेकांवर आदळायचे. ऊन चढलं की गाडी शहाण्यासारखी चालायची.

"बाबा, तुमी तर उस्ताद. काय असन हे?" पोरानं विचारलं.

"थंडी हाय. माणसाचे सांधे धरतात, तसे गाडीचे."

तिसऱ्या दिवशीच मला उमगलं. धारणीला थंडीच्या सकाळी आम्ही जीपच्या पोटाखाली टेंभा पेटवून धरायचो, तेल गोठलेलं असायचं म्हणून. हे ज्याला ठाऊक, त्यानंच पातळ तेल काढून घट्ट तेल भरलं होतं. तरी तोंड उघडेना. पोरगा उस्ताद म्हणाला होता ना.

सात दिवस मी अंगणात नुसता येरझारा घालत होतो. जेवण जाईना, बिडी पुरी होईना. आठव्या सकाळी गचका असा बसला, की पोराचा मोडका गुडघा समोरच्या पत्र्यावर आदळला. त्यानं गाडी बंद केली. मग म्हणाला, "इकून टाकतो. माह्या नशिबात गाडी नाई."

सून माझ्याकडे वळली. "मामाजी, तुमीच समजवा ना त्यायले."

मी म्हटलं, "आधी अकोल्याच्या मिस्त्रीले दाखवू. मी येतो संगं."

रस्ताभर मी गचके मोजत होतो. अकोटला चहा प्यायला थांबलो. सांगायचंच म्हणून मी घसा साफ केला.

"बाबा, चहा थंडा होऊन राहिला. लक्ष कुठं हाय?"

"कुठं नाई," म्हटलं अन् चहा पिऊन टाकला.

मिस्त्रीनं खालचा बोल्ट ढिला केला. तेल बोटावर घेतलं, चोळलं, नाकाला लावलं. "भाऊ, हे तर ट्रॅक्टरचं तेल. कोण्या गधड्यानं टाकलं?"

"त्या इकणाऱ्यानंच!" पोरानं तिथल्या तिथं त्याला फोन लावला. "काहून हो भाऊ, लंगडा पाहून फसवलं काय मले?"

लंगडा हा शब्द त्यानं घरात कधी तोंडातून काढला नव्हता. पलीकडून तो माणूस लेकराबाळांच्या शपथा घेत होता. मी पोराच्या हातातून फोन घेतला.

"मी याचा बाप बोलतो. तेल मी टाकलं. तुमचा काई दोष नाई." अन् फोन परत दिला.

मिस्त्री खोकला. "चाचा, मी तुमाले नव्हतं म्हटलं..."

"मलेच म्हटलं. बरोबर म्हटलं. आता काम कर."

"कवा टाकलं?" पोरगा माझ्याकडे न पाहता बोलला.

"दिवाळीत."

"अन् काहून नाई सांगतलं?"

"तू कुठं विचारलं, तेल टाकलं काय म्हणून?"

हे बोलायला नको होतं. पण बोललो. पोरानं तोंड फिरवलं.

मिस्त्री म्हणाला, दोन-तीनदा लाल तेलानं पेटी धुवावी लागेल. आतल्या प्लेटा वाचल्या की नाही ते चालवल्यावरच कळेल. गाडी दोन दिवस राहील. आम्ही एसटीनं परत निघालो. एसटीची पायरी उंच. त्यानं चांगला पाय वर ठेवला अन् दुसरा हातानं ओढला. मी मागून हात दिला.

"राहू द्या बाबा. तुमचा हात लागला का दुरुस्तीच करा लागते."

कंडक्टर हसला. मीही हसलो. पोरगा हसला नाही. बसमध्ये तो खिडकीकडे बसला, मी दुसऱ्या बाकावर.

गाडी आली. गचके गेले, पण फार थंडीच्या सकाळी दुसऱ्या गिअरला ती अजून अडते. मिस्त्री म्हणतो, जाईल. नाही तर राहील. माफी मी मागितली नाही, त्यानंही ती मागायला लावली नाही. गाडी इकायचं मात्र तो पुन्हा बोलला नाही. सकाळी तो निघतो, तेव्हा मी कान देऊन उभा असतो. पहिला गिअर पडतो. मग दुसऱ्याची वाट पाहतो. दुसरा पडला की घरात जावं, तर पाय निघत नाहीत, गाडी फाट्यावर वळेपर्यंत.