फुली की गोल

पक्ष्यांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काचा बघितल्या, म्हणून ती काचबाई. पाखराच्या पंखाखालून थेंबभर रक्त घ्यायचं, काचेवर फासून रंगवायचं, वर तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. उठताना भिंगाचं तेल पुसायचं, हा तिचा नियम. तो न पाळणारा माणूस एकच: मोठे डॉक्टर. त्यांच्यामागून काचबाई पुसायची, आणि घरी येऊन शिंपीकाम करणाऱ्या नवऱ्यापाशी कुरकुरायची.

छापील फॉर्मवर रकाना एकच होता: मलेरिया आहे की नाही. काचबाई 'आहे' लिहायची आणि शेजारी पेन्सिलीनं खूण करायची. पाखरांच्या रक्तपेशीत मधोमध गाभा असतो. जंतू त्या गाभ्याला कडेला ढकलत असला तर फुली, त्याला नुसती मिठी मारून बसला असला तर गोल. कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

त्या वर्षी रंगीत चिमण्यांच्या पिंजऱ्यात मलेरिया शिरला. आठवड्यात नऊ मेल्या. उरलेल्या एकतीस जणींच्याही रक्तात जंतू निघाला. मोठे डॉक्टर म्हणाले, "डास चावून शेजारच्या पिंजऱ्यांत पसरायच्या आत सगळ्यांना मरणाची सुई देऊन मोकळं करा."

काचबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डॉक्टर, हा मलेरिया एक नाही, दोन आहेत. मेल्या त्या नऊच्या नऊ फुलीवाल्या. या एकतीसमध्ये फुली सातच. एकीबद्दल मला शंका आहे. बाकीच्या चार-आठ दिवस मलूल होतील नि पुन्हा दाणे टिपायला लागतील."

"बाई, पेन्सिलीच्या खुणांवर विश्वास ठेवू?"

"नका ठेवू. जनुकं तपासायला रक्त पाठवा. मी चुकले तर हे टेबल सोडते."

बोलून गेली खरी, पण मग त्याच एकतीस काचा पुन्हा एकेक करून बघत बसली. दुसरं येत काय होतं तिला?

डॉक्टरांनी सुई थांबवून रक्त पाठवलं. पाच दिवसांनी अहवाल आला. जंतूचे प्रकार दोन, जनुकं वेगळी. मारका प्रकार सात जणींत, सौम्य तेवीस जणींत. एकीच्या रक्तात मात्र दोन्ही! बाईची शंकासुद्धा अगदी खरी निघाली. अहो, जे यंत्रानं पाच दिवसांत सांगितलं, ते या बाईनं बसल्या जागी सांगितलं होतं!

त्या आठ जणींना जाळीआड ठेवून औषध दिलं, त्यातल्या सहा जगल्या. तेवीस तर आठवड्यात पुन्हा कलकलायला लागल्या. नव्या फॉर्मवर दोन रकाने छापून आले.

मग मोठे डॉक्टर स्वतः तिच्या टेबलाशी आले. "दाखवा, गोल कुठला नि फुली कुठली." बराच वेळ बघत बसले. उठले, दाराशी गेले, आणि परत वळून त्यांनी भिंगाचं तेल पुसलं.

घरी नवरा कापड बेतत होता. काचबाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "आज डॉक्टरांनी भिंग पुसलं."

त्यानं कात्री खाली ठेवली. "काय सांगतेस!" म्हणाला, आणि उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली.