कोपनहेगनचा पाहुणा

हे गेल्याचा निरोप कोपनहेगनलाही पोचला. तिथं आमचा मुलगा राहतो. त्याच्या खालच्या मजल्यावरच्या म्हातारबाईंनी काय म्हटलं ते त्यानं मला फोनवर मराठीत सांगितलं. “तुमचे वडील फार हळुवार गृहस्थ. माझ्या डोक्यावर राहत होते, पण पाऊल कधी वाजलं नाही.” समोर सांत्वनाला आलेली माणसं बसली होती... आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. संसार मी केला आणि हळुवारपणा तिच्या वाट्याला!

आम्ही मूळचे शिरपूरकडचे, राहायला जळगावात मेहरूणला. ह्यांच्या चपला जिन्यावर वाजल्या की अख्ख्या गल्लीला कळायचं. पेला हाताशी असला तरी पाण्यासाठी हाक मला. तोच माणूस, आम्ही मुलाकडे कोपनहेगनला राहायला गेलो तेव्हा, जिना चढताना बूट हातात घेऊ लागला. मी मिरचीची फोडणी द्यायला घेतली की आधी दार लावायचे, शेजाऱ्यांना ठसका नको म्हणून. सायकलींच्या वाटेवर चुकून पाय पडला तर मागे सरून हात जोडायचे. एकदा रस्ता रिकामा आणि सिग्नल लाल. मी वाऱ्यानं कुडकुडत आमच्या अहिराणीत म्हटलं, “एक बी गाडी नही शे. चला ना!”

“लाल शे वं. लोकेसनं गाव शे, आपन पाव्हना.”

खोटं कशाला बोलू, त्या गावाचा मला हेवा वाटायचा. संध्याकाळी कालव्याकाठी बसून तिथली माणसं किती हळू बोलतात ते हे कौतुकानं ऐकायचे. शेजारी मी बसलेय, हे लक्षातही नसायचं.

जळगावला परतल्यावर पुन्हा चपला वाजल्या, पुन्हा हाक आली. मी फटकन विचारलं, “तठे परका लोकेसले इतलं जपेत. मन्हं काय?”

ते खरोखर चकित झाले. “तठे मी पाव्हना व्हतू. आपला घरमा कोनी पाव्हना ऱ्हास का?”

उत्तर बरं होतं. शेजारणींना सांगितलं तर त्यांनी डोळे पुसले. मला मात्र ते पुरलं नाही, अजूनही पुरत नाही. चार दिवस तरी माझ्याकडे पाहुण्यासारखं राहावं, एवढंच मागत होते मी...

हे पहाटे झोपेतच गेले. मी हातभर अंतरावर, शेजारच्या पलंगावर. हाक नाही, पाणी मागणं नाही. त्यांचा पलंग अजून तिथंच आहे, चादरही बदललेली नाही. जन्मभर माझी झोप मोडणाऱ्या माणसानं ही एकच गोष्ट हळू केली... आणि नेमकी तीच मला मोठ्यानं हवी होती.