फुलबॅकचं ना हरकत पत्र

आमच्या हॉकी क्लबात खेळणारे कमी आणि बोलणारे जास्त, हे क्लबाचा सेक्रेटरी म्हणून मी आता कबूल करायला हरकत नाही. खेळणाऱ्या पोरी सकाळी सहाला मैदानात उतरतात आणि आठला घरी जातात. आम्ही साडेसातला येतो आणि दहापर्यंत फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून देशातल्या हॉकीचं काय चुकलं ते ठरवतो. आम्ही म्हणजे मुख्यतः तिघं. एकेकाळी सेंटर हाफ खेळलेले आणि आता दिवाणी कोर्टात वकिली करणारे वकीलसाहेब, मोटरसायकलींचं गॅरेज चालवणारा आमचा जुना राइट विंगर, ज्याला सगळं शहर मिस्त्री म्हणतं, आणि मी. माझं वय बावन्न. शेवटचा सामना खेळून वीस वर्षं झाली, आणि त्यातही मी बदली खेळाडू होतो.

खेळाडूंच्या लिलावाचे दिवस आले की आम्हाला जोर चढायचा. कुठल्या कंपनीच्या संघानं कुठला खेळाडू उचलला, कुणाला सोडलं, कुणाच्या बदल्यात कोण घेतला, यावर आम्ही चहाचे तीन-तीन राउंड संपवायचो.

"माणसं हायत का टॉवेल?" वकील विचारायचे. "डझनावर बोली लावायलेत की हो."

"टॉवेल तो वापस भी होता, वकीलसाब," मिस्त्री म्हणायचा. "धागा निकला बोलके. इनकू कौन वापस लेता?"

तिथून गाडी राजकारणावर यायची. जी कंपनी संघ विकत घेते तीच पक्ष विकत घेते, हा आमचा लाडका सिद्धांत. "देणग्या दोन्हीकडं देतात," वकील बोट उगारून सांगायचे, "म्हणजे निवडणूक कुणी पण जिंकू दे, गोल कंपनीचाच." आणि मग सगळे माझ्याकडं बघायचे, कारण समारोप माझा असायचा. मला बोलता येतं. खेळाडूला न विचारता त्याचं भवितव्य ठरवणाऱ्या माणसाला मालक म्हणतात, असं वाक्य मी एकदा टाकलं, तेव्हा पलीकडच्या बाकावरचा रिक्षावालासुद्धा मान डोलवून गेला. ते वाक्य माझ्या डोक्यात पुढं बरेच दिवस छान वाजत राहिलं.

आमच्या क्लबाची फुलबॅक शहराबाहेरच्या कुंभारीच्या कामगार वसाहतीतून यायची. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. घरात तेलुगू, मैदानात मराठी. पहिल्या सिटी बसनं यायची, स्टिक जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेली. वय बावीस, त्यातली नऊ वर्षं आमच्याकडं. आमचं मैदान मुरमाचं. तिथं चेंडू सरळ येत नाही, नडगीवर येतो. त्या मैदानावर ती पेनल्टी कॉर्नरला असा फटका मारायला शिकली की गोलकीपर पोरी आधीच डोळे मिटायच्या. आम्ही शिकवलं, असं आम्ही सगळीकडं सांगतो. खरं म्हणजे आमचे प्रशिक्षक वारल्यावर ती मोबाइलवर व्हिडिओ बघून एकटी शिकली, आणि आम्ही तेव्हा टपरीवर होतो.

पुण्यात एका कंपनीच्या संघानं चाचणीत तिला निवडलं. संघाबरोबर कंपनीत कंत्राटावर नोकरी. अट एकच, जुन्या क्लबाचं ना हरकत पत्र महिनाअखेरपर्यंत द्यायचं. तो कागद म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. छापील फॉर्म असतो, त्यावर खेळाडूचं नाव, एक ओळ, खाली सेक्रेटरीची सही आणि क्लबाचा शिक्का. शिक्का इथं, आमच्याच शहरातल्या शुक्रवार पेठेत माझ्या घरी टेबलाच्या खणात असतो.

तिनं टपरीवर उभ्या उभ्याच फॉर्म दिला. चेहरा असा की आत्ताच पुण्याला पोचली आहे.

मी म्हणालो, "बघतो."

ती गेल्यावर वकिलांनी चहा खाली ठेवला. "बघा म्हणजे. नऊ वर्षं मैदान आपलं, स्टिका आपल्या, अन् तयार झाली की कंपनी उचलून न्यायलीय. इतक्या सहज सोडायचं?"

"सोडायचं म्हंजे?" मिस्त्री उखडला. "तुम्हारे घर की गाय है क्या? बच्ची की नौकरी का सवाल है. सही मारो, सेक्रेटरी."

"तत्त्वाचा प्रश्न हाय, मिस्त्री."

"तत्त्व की रोटी कैसी बनाते जी, जरा सिखाव मेरेकू."

मी हसलो आणि विषय कमिटीपुढं ठेवू म्हणालो. आमची कमिटी पाच जणांची. त्यातले आम्ही तिघं, आणि उरलेले दोघं वारले आहेत, फक्त त्यांची नावं अजून काढलेली नाहीत.

वकिलांच्या तत्त्वावर मी सगळं ढकलू शकलो असतो, आणि बरेच दिवस मनातल्या मनात ढकललंही. पण तत्त्वासाठी मी कागद अडवला नाही. त्याच आठवड्यात मला अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे आमच्या भागातून महापालिकेला उभे राहणारे पुढारी. दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाला त्यांच्याच नावाचा हॉकी चषक होतो. खर्च एक कारखानदार करतो, आणि फ्लेक्सवर त्याच्या कारखान्याचं नाव अण्णांच्या फोटोपेक्षा मोठं असतं. यंदा महिलांचा सामनाही ठेवला होता, आणि त्यात अण्णांचा संघ म्हणजे आमच्या क्लबाच्या पोरी. महिला मतदार किती आहेत हे अण्णांना निवडणूक आली की बरोबर आठवतं. समोरच्या उमेदवारानंही संघ उभा केला होता आणि त्यासाठी बाहेरगावच्या खेळाडू आणल्या होत्या.

"सेक्रेटरी, ती कुंभारीची पोरगी कुटं चाललीय म्हणे?"

"पुण्याला, अण्णा. कंपनीच्या टीममध्ये."

"जाऊ दे की. पोरीचं भलं झालं तर आपल्याला लई आनंद हाय. फक्त आपला चषक होऊ दे, मग कागद द्या. अन् तुमच्या मैदानाला टर्फ टाकायचं ते माझ्या ध्यानात हाय बरं का."

फोन कानाला असतानाच मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. चषक शेवटच्या तारखेनंतर पाच दिवसांनी होता. ते मला दिसलं, पूर्ण कळलं, आणि मी म्हणालो, "हो अण्णा."

मी एक रुपया घेतला नाही. हे मी पूर्वी स्वतःला अभिमानानं सांगायचो. आता वाटतं, पैसे घेतले असते तर निदान विकलं असं तरी म्हणता आलं असतं. मी तिला एका आश्वासनावर देऊन टाकलं, तेही निवडणुकीतल्या.

ती घरी आली तेव्हा मी सांगितलं, "कागद वर पाठवलाय. जिल्ह्याची सही यायची आहे." वर कुणी नव्हतं. ज्या एका सहीवर तिचं काम अडलं होतं ती माझीच होती, आणि फॉर्म तिच्यापासून दोन हातांवर खणात पडला होता. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी ती पुन्हा आली. या वेळी मी म्हणालो, "कंपनीशी बोललोय मी, चार दिवस थांबतील ते." त्या कंपनीचा फोन नंबरही माझ्याकडं नव्हता. ती "बरं सर" म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास होता, आणि मला त्या क्षणी हायसं वाटलं. विश्वास ठेवणाऱ्या माणसाला फसवायला काही कष्ट पडत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि याच तीन आठवड्यांत मी टपरीवर आयुष्यातलं सगळ्यात चांगलं बोललो. लिलाव चालू होता. भांडवलदारांवर, पुढाऱ्यांवर, विकल्या जाणाऱ्या खेळाडूंवर मी असा काही तुटून पडायचो की वकील म्हणाले, "सेक्रेटरी, तुमी उभं राहा हो या वेळी." मिस्त्री मात्र एकदाच म्हणाला, "वो बच्ची का कागज दिया क्या?" मी म्हणालो, "प्रोसेसमध्ये आहे."

चषकात तिनं दोन्ही गोल केले. अण्णांनी हार घातला, फोटो निघाला. फोटोत तिच्या मागं मी आहे, दात दाखवत.

पुढच्या रविवारी दुपारी ती घरी आली. बायकोनं दार उघडलं, पाणी दिलं. ती बसली नाही.

"सर, मी जिल्ह्याच्या ऑफिसला फोन केला. ते म्हणाले, असला कागद आमच्याकडं येतच नसतो. तुमच्या सेक्रेटरीची सही असली की झालं."

"अगं, थोडा गैरसमज..."

"कंपनीचा पण फोन आला काल. दुसरी घेतली त्यांनी. साताऱ्याची."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं झालं असतं, मग मीही चढवला असता. मी खण उघडला, फॉर्म काढला, शाईचा पॅड उघडला, आणि त्या गडबडीत मला एक युक्ती सुचली. अशा वेळी माझ्यासारख्याला युक्त्याच सुचतात.

"मागची तारीख घालतो," मी म्हणालो. "वेळेत दिल्यासारखं होईल. तुला कंपनीशी भांडता येईल."

तिनं माझ्याकडं पाहिलं. नऊ वर्षांत तिनं माझ्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं.

"मग उशीर माझ्यामुळं झाला असं दिसेल की, सर. आजची घाला."

मी आजची घातली. सही केली, शिक्का मारला. तिनं कागद उजेडाकडं धरून पाहिला.

"शिक्क्यातलं क्लबाचं नाव उमटलं नाही. अजून एकदा मारा."

मी अजून एकदा मारला. तिनं कागद प्लास्टिकच्या कव्हरात घातला आणि दाराशी चपला घालता घालता सांगितलं, की ती आता दुसऱ्या क्लबात नाव घालणार आहे, उद्यापासून मैदानावर येणार नाही, फुलबॅकला कुणीतरी बघा.

बायको पाण्याचं तांब्या-भांडं उचलायला आली. "ही मागं पण दोनदा येऊन गेली ना? काय काम होतं हिचं?"

"सही पाहिजे होती."

"कुणाची?"

"माझी."

तिनं टेबलावरचा उघडा पॅड पाहिला, मग मला पाहिलं. "मग तेव्हा काय घरात पेन नव्हतं?"

पेन होतं. तिन्ही वेळा माझ्या खिशालाच होतं.