मास्तरांचा मनगटपट्टा

आमचे हे शिंपी. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, त्यामुळे डोक्यात हवा! एकदा पांढऱ्या शर्टावर लाल ठिपका दिसला.

"अहो, रक्त!"

"कुणाचं?" हे मलाच विचारतात! सुई स्वतःच्याच बोटात घुसलेली आणि यांना पत्ता नाही.

मग एकेक बाहेर आलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं दोन महिने बधिर होती. सकाळी उठून हात झटकत बसायचे, कात्री हातातून सुटायची. मला वाटायचं, माझ्यावरचा राग कात्रीवर काढतायत.

डॉक्टरांनी मनगट वाकवून बघितलं. "इथल्या अरुंद जागेतून एक नस जाते, ती दबलीय. रोज हा पट्टा बांधून झोपा, आतल्या धातूच्या पट्टीनं मनगट सरळ राहील. सलग कात्री चालवू नका. फरक पडला नाही तर ऑपरेशन."

यांचा चेहराच उतरला. हातच गेला तर मास्तर कसले? तरी निघताना डॉक्टरांच्या नव्या कोटाचं माप घेतलंच. "कॉलर कडक हवी हं," डॉक्टर म्हणाले.

महिनाभर मी स्वतःच्या हातानं पट्टा बांधला. बोटं ढिम्म! मला तर रडूच यायला लागलं.

पुन्हा दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर नवा कोट घालून बसलेले. आमच्याकडे बघायला खुर्चीसकट वळले.

"मास्तर, मान हलत नाही हो माझी!"

हे जमिनीकडे बघायला लागले. मला शंका आली. सोबत आणलेला पट्टा पहिल्यांदाच नीट चाचपला, तर मऊ! आतली धातूची पट्टी गायब.

"अहो!"

"अगं, पट्ट्याचं फिटिंग बसत नव्हतं. उसवून नीट शिवला. पट्टी उरली, ती वाया कशाला घालवायची?"

म्हणजे डॉक्टरांची मान सरळ आणि यांचं मनगट महिनाभर वाकडं! डॉक्टर आधी भडकले, मग पोट धरून हसले. कॉलर तिथेच उसवली, पट्टी पट्ट्यात परत गेली. वरून टाके मी घातले, दुहेरी. "आता उसवलात तर गाठ माझ्याशी आहे!"

"कोटाची घाई नाही, आधी हात," म्हणत डॉक्टरांनी कोट आमच्याकडेच ठेवला.

दीड महिन्यानं हे तीच कॉलर शिवायला बसले आणि एकदम ओरडले, "आई गं!"

मी धावले.

"टोचली गं, टोचली!" हे बोट नाचवत होते.

"खरंच? परत टोचून दाखवा."

टोचली. परत ओरडले. मला हुंदकाच फुटला. हाताला लागलं त्या कापडानं डोळे पुसले, नाकसुद्धा.

डॉक्टरांचा कोट होता तो.