ऐन हंगामात दिलेली बडगी

भास्करनानांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दोंडाईच्याला, एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत. त्या वेळी आम्ही पंचवीस-तीस मोठी माणसं भिंतीकडे तोंड करून उभी होतो. रिक्षावाले, सलूनवाले, गावोगावच्या आरोग्यसेविका आशाताई, बियाण्यांचे दुकानदार, डाळ मिलमध्ये काम करणाऱ्या कमलबाई आणि माझ्यासारख्या दोन शिक्षिका. मनाने पार खचलेल्या माणसाजवळ कसं बसावं, हे शिकायला आम्ही जमलो होतो. ग्रामीण रुग्णालयातून औषधनिर्माता म्हणून निवृत्त झालेल्या नानांनी सांगितलं, आधी भिंतीला विचारा. "तुम्हाला मरावंसं वाटतं का?" सरळ, स्पष्ट.

कुणी "टेन्शन आहे का" विचारून मोकळं झालं, कुणी नुसतं हसलं. कमलबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "नाना, चार भिंतींत असं अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

"म्हणू द्या," नाना म्हणाले. "वास्तू काही बहिरी नाही, बाई. तिला पुढचं वाक्यही ऐकवा. मी इथेच बसलोय, उठून जाणार नाही."

नानांचं सगळं शिक्षण या दोन वाक्यांत होतं. विचारल्याने माणूस त्या वाटेला लागत नाही, उलट त्याला बोलायला जागा मिळते, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. आपण डॉक्टर नाही, डॉक्टरांपर्यंत सोबत जाणारी माणसं आहोत, हेही. पुढे कमलबाईंच्या लक्षात आलं, की मिलमधली एक जण दुपारचा डबा उघडतच नाही. त्यांनी विचारलं, ऐकून घेतलं आणि तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. नंतरच्या प्रशिक्षणात नाना स्वतः शिकणाऱ्यांत सतरंजीवर जाऊन बसले आणि शिकवायला कमलबाईंना उभं केलं.

माझी आई गेली त्या वर्षी मी शाळेपुरतं बोलायचे, बाकी गप्प. नाना रविवारी वांगी घेऊन आले. चहा पिता पिता त्यांनी मला तोच प्रश्न विचारला. मला राग आला. मग रडू आलं. नाना संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

थंडीत प्रशिक्षण असलं, की शेवटी भरीत ठरलेलं. नाना स्वतः वांगी भाजत आणि त्यांच्या वडिलांच्या वेळच्या बडगीत ठेचत. भरीत ठेचायचं हे जाड लाकडी भांडं ते कुणाला धुवायलाही देत नसत.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले, ते.

गेल्या हिवाळ्यात नानांच्या पंचाहत्तरीची तयारी चालली होती. पिंप्राळ्यात त्यांच्या घरी दुपारी गौरव समितीची बैठक झाली. आम्ही पंधरा जण होतो, सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. नाना त्या दिवशी वाटत सुटले होते. एकाला स्कूटर दिली, एकाला पुस्तकं, मला प्रशिक्षणाची वही आणि कमलबाईंना बडगी. समारंभात निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी फोटो निवडताना ते हसत म्हणाले, "चांगला घ्या रे, पुढेही कामी येईल." आम्ही सगळे हसलो. कुणीतरी त्यांच्या निरिच्छ वृत्तीबद्दल दोन शब्दही बोललं, आणि ते ग्रंथातल्या माझ्या या लेखात घ्यायचं ठरलं.

खाली उतरल्यावर कमलबाईंनी बडगी कमरेवर घेतली आणि कौतुकाने म्हणाल्या, "बघा ना ताई, आता कुठे भरताचे दिवस सुरू झाले, आणि नानांनी बडगी देऊन टाकली. स्वतः कशात ठेचतील?"

मी गाडीला किल्ली लावली होती. ती तशीच राहिली. आवडीच्या वस्तू अचानक वाटून टाकणं, हसण्यावारी नेलेलं निरवानिरवीचं बोलणं. मला मिळालेल्या वहीत हे सगळं धोक्याच्या खुणा म्हणून नानांच्याच अक्षरात होतं. पंधरापैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. आम्ही त्यांना थोर करण्यात इतके गुंतलो होतो, की त्यांच्याकडे बघायचं राहूनच गेलं.

मी परत वर गेले. नाना रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसले होते. वडिलांच्या वयाच्या, गुरूच्या जागी असलेल्या माणसाला, त्यांच्याच घरात हे कसं विचारायचं? भिंतीला विचारणं फार सोपं होतं.

"नाना, तुम्हाला मरावंसं वाटतंय का?"

माझ्याशी एरवी शहरातली मराठी बोलणारे नाना घरच्या बोलीत म्हणाले, "हा. वाटस." आणि मग, "बठ्ठं व्हई गयं, पोरी."

सगळं झालं, आता काही उरलं नाही, असं ते मला सांगत होते. शिकलेलं सगळं माझ्या डोक्यातून गेलं होतं. मी एवढंच म्हणाले, "मी इथेच बसलेय, नाना. उठून जाणार नाही."

तीन महिने त्यांना धड झोप नव्हती. कारण विचारलं तर त्यांनाही सांगता येईना. मी त्यांच्या लेकीला धुळ्याला फोन केला. ती दिवेलागणीच्या आत आली, तोवर कमलबाई आणि मी तिथेच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो.

नाना आज बरेच सावरले आहेत. औषधं चालू आहेत. काही दिवस अजून जड जातात, त्या दिवशी ते फोन करतात. कमलबाईंनी बडगी आठवड्याभरात परत आणून ठेवली, "आमच्या घरात मावत नाही" असं सांगून. समारंभ लांबला, आणि हा ग्रंथ उशिरा निघतो आहे तो त्यामुळे.

हे लिहू नये असं मला वाटत होतं. नानांनीच बजावलं, "लिही. शिकवणाऱ्यालाच कसं झालं, म्हणतील. म्हणू दे. ताप डॉक्टरलाही येतो."

लेख झाल्यावर त्यांच्याच घरी, कमलबाईंसमोर, मी तो वाचून दाखवला. 'निरिच्छ वृत्ती' हे शब्द नानांनी पहिल्या खर्ड्यातून काढायला लावले होते. मी ते ठेवले आहेत, आमची चूक दिसावी म्हणून. शेवटच्या ओळी कागदावर नव्हत्या, त्या मी तोंडानेच म्हणाले. नाना, तुम्ही खूप वर्षं जगा. नीट झोपा, चांगलं खा, येत्या थंडीत तुमच्याच हाताने भरीत ठेचा आणि मी पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारला तर रागावू नका.

वास्तूच्या आधी कमलबाईच तथास्तु म्हणाल्या.