सोन नदीच्या भरतीच्या वेळा

रविंद्र पालशेतकरांनी बत्तीस वर्षं दाभोळच्या खाडीत तर, म्हणजे पैलतीरी नेणारी होडी, चालवली. माणसं नेली, बकऱ्या नेल्या, एकदा तर अख्खा बँड वऱ्हाडासकट. आता ते मेलबर्नला, लेकीकडे पॉइंट कुकला असतात. लेक, स्वरदा, त्यांना संध्याकाळी समुद्रावर नेते. तिथलं पाणी जेमतेम हातभर चढतं. "ही काय भरती? परातीत पानी हाललं नुस्तं," म्हणतात आणि गाडीत जाऊन बसतात.

सहा वर्षांत सुकाणूला हात लागला नव्हता. डावा डोळा अंधूक होत चाललेला. अशात नात श्रिया एका सेमिस्टरसाठी फ्रान्सला, दिजाँच्या युनिव्हर्सिटीत गेली आणि तिचा फोन आला. "आबा, इथे सोन नदीवर भाड्याने बोट मिळते. लायसन लागत नाही. सप्टेंबरमध्ये या ना, यू कॅन ड्राइव्ह!"

त्या दिवशी त्यांचा चहा दोनदा गार झाला. पुढल्या वर्षी डोळा राहील न राहील, हीच वेळ.

श्रियाने पाठवलेला नदीचा नकाशा स्वरदाने ऑफिसात छापून आणला. पानं सेलोटेपने जोडली तर टेबलावरून पार सोफ्यापर्यंत गेली. सोन उत्तरेच्या डोंगरातून येते आणि लियोंला रोन नदीला मिळते. किलोमीटर मोजायचे ते लियोंपासून उलटे. ग्रे गाव दोनशे त्र्याऐंशीवर, खाली सां-जाँ-द-लोन दोनशे पंधरावर. मधला तुकडा यांच्या सफरीचा. खाली जाताना लाल खुणा उजव्या हाताला, हिरव्या डाव्या. ओट्यावर उजवीकडे लाल तिखटाची बरणी, डावीकडे हिरव्या पेस्टोची ठेवून, मधोमध नेम धरून ते समोरून सरळ चालत यायचे.

"बाबा, सरका, भात लावायचाय."

"थांब गो, वळण हाय."

रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी वही उघडून धरली. पंचांगातून सात दिवसांच्या तिथी काढलेल्या, आणि तिथीची पाऊणपट करून भरतीच्या वेळा, जशा बापाने शिकवल्या तशा.

"निघायच्या दिशी पंचमी. पावनेचारला भरती पुरी. चारला दोर सोडायचा, ओहोटीवर आपसूक खाली."

श्रिया म्हणाली, "आबा, इथे भरती नसते. समुद्र पाचशे किलोमीटरच्या पण पुढे आहे."

"अजिबात नाय?"

"नाही. नदी इतकी स्लो आहे ना, पान टाकलं तर कुठे जातंय तेपण कळत नाही."

त्यांनी वही मिटली. "मंग माजं काय काम गो तितं? मला येतंय ते येवढंच. तुजी तू जा गो बाय."

आत स्वरदाने नळ बंद केला.

"आबा, लिसन. लॉक्स आहेत ना! म्हणजे नदीत बांधलेले हौद. पाण्यावर एक दांडा लोंबतो, तो बोटीतूनच पिरगाळायचा. दार उघडतं. आत जाऊन दोर धरून थांबायचं, मग पाणी उतरतं. दोनेक मीटर."

"दोन मीटर?" ते पुढे सरकले. "आमच्याकडं उतरतं तसंच की. किती वेळात?"

"दहा मिनिटं."

"दहा! येड्यांनू, आमच्याकडं सा तास लागतात." ते हसले. मग फोन तोंडाजवळ घेऊन हळूच विचारलं, "आन उतरलं की भिताडाला वास येतो का गो? चिखलाचा, कालवांच्या शिंपल्यांचा?"

"वास? आय डोन्ट नो, आबा. कधी लक्ष नाही दिलं."

त्यांनी वही पुन्हा उघडली.

"स्वरदा," आत वळून म्हणाले, "तिकीट काढ. वास नसला तर नसला."