परत मागवलेली धून

यानकाकांनी ज्या मालिकेचे संगीत जन्मभर सांभाळले, ती मालिका त्यांनी कधी पाहिली नव्हती. रविवारी सकाळी ती टीव्हीवर लागली की ते टीव्हीकडे पाठ करून जमिनीवर बसत. पुढ्यात उशीवर टेपरेकॉर्डर, नजर कॅसेटच्या फिरत्या चक्रांवर, बोट बटणावर. संगीत सुरू झाले की टेप सुरू, माणूस बोलला की टेप बंद. पडद्यावर मंगळावर राहायला निघालेले एक कुटुंब होते, त्यांचे यान होते, धुळीची वादळे होती. काकांनी त्यातले काही पाहिले नाही. “चित्र बघितलं की कान आळशी होतात,” असे ते म्हणत.

मालिकेचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. तिचे चाहते अजून आहेत आणि नाव छापले की पत्रे येतात. एवढे सांगणे पुरेसे आहे की तिचे संगीत कधी विकायला आले नाही आणि मूळ फिती कुठे गेल्या हे कोणालाच सांगता येत नाही. उरले ते लोकांनी घरोघरी टेप केले तेवढेच. त्यातल्या सर्वांत स्वच्छ कॅसेटी माणिकपूरला, आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, काकांच्या लोखंडी कपाटात होत्या. त्यांच्या दारातून संध्याकाळी यान सुटल्यासारखे आवाज येत, म्हणून इमारतीतल्या मुलांनी त्यांना यानकाका केले. पुढे मोठी माणसेही तेच म्हणू लागली.

काका मूळचे सावंतवाडीकडचे. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात ते माल तपासायला होते. गोळ्यांच्या डब्यात ओल शोषणारी बारीक पुडी असते. कारखान्यात वाया जाणाऱ्या तसल्या पुड्या मागून आणून त्यांनी प्रत्येक कॅसेटच्या डबीत एकेक ठेवली होती. समुद्र जवळ असल्याने इथे फितीला बुरशी लवकर धरते. पावसाळा संपला की पुड्या उन्हात वाळत घालायच्या आणि परत जागच्या जागी ठेवायच्या, हा त्यांचा नेम होता. परदेशी अंतराळमालिकांच्या संगीताच्या तबकड्याही त्यांनी जमवल्या, पण जपणूक या कॅसेटींची. तबकडी दुसरी मिळते, असे त्यांचे म्हणणे.

काकू आगाशीच्या. माहेरी केळीची वाडी, घर माणसांनी भरलेले. लग्न होऊन आल्यावरची पहिली हकिगत त्या कोणालाही सांगत. “रविवारी सकाळी ह्यांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि तोंडावर बोट ठेवलं. मला वाटलं, घरात कोणी गेलं की काय! कुकर लावायचा नाही, भांडं आपटायचं नाही, खोकला आला तर न्हाणीघरात जायचं. मग करणार काय? मी बसून मालिका बघायचे. सगळी बघितली. घरात ती बघितलेली मी एकटीच.”

नोकरी संपल्यावर काकांनी कॅसेटी संगणकावर उतरवल्या आणि इंटरनेटवरच्या चाहत्यांच्या गटात घातल्या. तेव्हापासून रविवारी दुपारी त्यांच्याकडे माणसे येऊ लागली. मुंबईहून येत, ठाण्याहून येत, एकदा नाशिकहून दोघे आले होते. चपला जिन्यात, माणसे सतरंजीवर. संगीत चालू असताना बोलायचे नाही, संपल्यावर लगेच वाहवा करायची नाही. मग काकू आगाशीची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आणि चहा आणत. नियमाने येणारे दोघे. एक आंतोनसर, वसईच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे आणि एरवी मुलांना कीबोर्ड शिकवणारे, काकांच्याच वयाचे. दुसरा बोरिवलीचा रोहन, संगणकातल्या नोकरीतला, चाहत्यांचा गट चालवणारा. मालिका लागत होती तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता, पण तिच्याविषयी तो घरच्या माणसासारखे बोले.

गटात सर्वांत लाडकी एकच धून होती. सातव्या भागाच्या कॅसेटच्या शेवटी ती येते. संथ, एकाकी, अर्ध्यावर तुटलेली. कुटुंब यानाच्या खिडकीतून पृथ्वी लहान होत जाताना पाहते, त्या प्रसंगाची ती असणार, असे चाहत्यांनी ठरवले आणि तिला नाव दिले ‘पृथ्वीचा निरोप’. ती दुसऱ्या कोणाच्याही कॅसेटमध्ये नव्हती. काका या लोकांत ओळखले जात ते या धुनेमुळे. कोणी तिच्यावर लेख लिहिला, कोणी ती व्हायोलिनवर बसवली. आंतोनसरांनी ती ऑर्गनसाठी लिहून काढली आणि चर्चमध्ये दफनविधीच्या मिस्सेत, म्हणजे प्रार्थनाविधीत, वाजवू लागले. लोक विचारत, कुठलं गीत हे? सर सांगत, “लांबचं आहे.”

रोहनने या सगळ्या संगीताची एक तबकडी काढायचे ठरवले. एका रविवारी तो वेष्टनाचा नमुना घेऊन आला. शेवटची धून ‘पृथ्वीचा निरोप’, खाली काकांचे पूर्ण नाव. त्याने ती फोनवर लावली. काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अगोबाई, हे मलमाचंही घेतलंत का यात?”

“कसलं मलम, काकू?”

“भेगांचं. टाचांना लावायचं ते. मध्ये जाहिरात लागायची ना, तिचं आहे हे.”

सगळे हसले. काका हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर त्यांनी विचारले, “अगं, एवढी वर्षं बोलली का नाहीस?”

“टेप करताना बोलायची बंदी होती. नंतर वाटलं, आवडलं असेल तुम्हाला. छानच होतं की ते. आणि तुम्ही मला कधी विचारलंत, हे काय आहे म्हणून?”

कारखान्यात काकांनी कोणाच्या सांगण्यावरून कधी सही केली नव्हती. त्यांनी पुरावा शोधायला घेतला. जुन्या बाजारातून घरगुती कॅसेटी आणल्या, ओळखीच्यांचे माळे उपसले. शेवटी पुरावा सासुरवाडीलाच निघाला. आगाशीला मेहुण्याच्या मुलांनी टीव्हीवरची गाणी जाहिरातींसकट टेप करून ठेवली होती. त्यात ती धून होती. तेच वळण, तोच सूर, आणि जिथे काकांची टेप तुटते तिथून पुढे एका बाईचा आवाज. काकांच्या टेपमध्ये तो आवाज नव्हता, कारण माणूस बोलला की टेप बंद करायची हा नियम त्यांनी तिथेही पाळला होता. पडद्याकडे पाठ होती. प्रसंग संपून जाहिरात लागली हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

कॅसेट घेऊन ते आधी आंतोनसरांकडे गेले. सरांनी पूर्ण ऐकली आणि पोट धरून हसले.

“म्हणजे मी अख्खा गाव मलम लावून पोचवला की रे!”

“हसतोस काय? लोकांना सांगायला हवं.”

“कोणाला सांगू? ज्यांच्यासाठी वाजवली ते तक्रार करायला येणार आहेत का? अरे, धून चांगली आहे. देवाला चालते.”

“चांगली आहेच. लेबल चुकलंय. गोळी कितीही चांगली असू दे, लेबल चुकलं की बॅच परत मागवायची. त्यात चांगलं-वाईट नसतं.”

सरांनी त्यानंतर ती धून चर्चमध्ये वाजवणे बंद केले. “तुझ्या तोंडाकडे बघून,” एवढेच म्हणाले.

गटात मात्र तसे झाले नाही. काकांनी सगळी हकिगत लिहिली, आगाशीची टेप सोबत जोडली आणि तबकडीतून धून काढून टाकावी अशी विनंती केली. उत्तरे येत राहिली. जाहिरातवाल्यांनीच मालिकेतली धून चोरली असेल, असे एकाने लिहिले. दुसऱ्याने आलेख काढून दाखवला की मालिकेतल्या यानाच्या धुनेतले वाद्य आणि हे वाद्य एकच आहे. वयोमानाने स्मरण दगा देते, काकांनी मनाला लावून घेऊ नये, असेही कोणी समजावले. नागपूरच्या एका गृहस्थांनी कळवले की तो प्रसंग आणि ही धून त्यांना लख्ख आठवते. लहानपणी ती ऐकून ते रडले होते.

“त्याला आठवतंय,” काका मला म्हणाले. “जे झालंच नाही ते आठवतंय. आणि ज्याने टेप केलं त्याचा म्हणे गैरसमज झालाय.”

मी वर्तमानपत्रात काम करतो, म्हणून ते माझ्याकडे आले होते. त्यांचे काम साधे होते. “तुम्ही चुकीची दुरुस्ती छापता ना, कोपऱ्यात चौकट करून? तशी एक टाका.” वर्तमानपत्र स्वतः छापलेल्या चुकीचीच दुरुस्ती छापते, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी विचार करून मान हलवली. “बरोबर आहे. ज्याचा माल त्यानेच परत मागवायचा. पण माझ्या हातात माल उरलाच नाही.”

रोहन वाईट मुलगा नव्हता. तो फोन करी, तब्येत विचारी, औषधे आणून देई. तबकडीच्या गोष्टीवर मात्र त्याचे उत्तर ठरलेले होते. “काका, लोकांचं प्रेम आहे त्या ट्रॅकवर. तुमच्यासाठीच करतोय सगळं. आता काढला तर लोक मला खातील.”

“निदान खाली खरं काय ते लिही.”

“लिहितो ना. बघतो कसं बसतंय ते.”

काकांची फुप्फुसे तोवर कमजोर झाली होती. आमच्या इमारतीची लिफ्ट अर्धा वेळ बंद असते. तीन मजले चढायला त्यांना प्रत्येक वळणावर थांबावे लागे. रविवारची बैठक बंद पडली. पावसाळ्यानंतर पुड्या वाळत घातलेल्या दिसल्या नाहीत. एकदा संध्याकाळी ते रिक्षातळाजवळच्या बाकावर दम घेत बसलेले भेटले. हातात भाजीची पिशवी. मी विचारले, गटात काय म्हणतात?

“आता लिहीत नाही. कंटाळा आला हो. कारखान्यात बॅच परत मागवली की दुकानदार कुरकुरायचा, पण माल द्यायचा. इथे ज्याला विचारावं तो सांगतो, आम्हाला हाच आवडतो. त्यांचं काय चुकलं? इतकी वर्षं मीच दिलाय त्यांना.” मग पिशवी उचलत म्हणाले, “माझं नाव तरी काढा म्हटलं. तेही नाही काढत. मानाने ठेवलंय म्हणतात.”

ते गेले तेव्हा तबकडी छापून यायची होती. इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत शोकसभा झाली. सोसायटीची माणसे होती, कारखान्यातले तिघे-चौघे होते, आगाशीहून मेहुणे आले होते. आंतोनसर मागे भिंतीला टेकून उभे होते. पण गर्दी चाहत्यांची होती. इतकी माणसे त्या खोलीत सोसायटीच्या सभेलाही येत नाहीत. भाषणे झाली. मग रोहन उठला, काकांनी आपल्याला काय दिले ते त्याने सांगितले, आणि स्पीकरवर ‘पृथ्वीचा निरोप’ लावली.

सगळे उभे राहिले. धून नेहमीच्या जागी अर्ध्यावर तुटली.

काकू पहिल्या रांगेत खुर्चीत बसलेल्या होत्या. त्यांनी हिंदीत, नीट, जाहिरातीतल्या बाईच्याच संथ लयीत म्हटले, “दिनभर चलते हैं. इन पैरों की भी तो सोचिए.”

मागे आंतोनसरांनी मान खाली घातली. बाकी कोणाला काही कळले नाही. एका बाईने काकूंच्या पाठीवरून हात फिरवला. रोहन पाणी घेऊन धावला. “त्रास होतोय काकूंना, जरा वारा येऊ द्या,” असे कोणीतरी म्हणाले आणि खिडक्या उघडल्या.

नंतर काही मंडळी वर घरी आली. जाता जाता रोहनने काकूंना हळूच विचारले, ती धून असलेली कॅसेट मिळेल का? गटातर्फे जपून ठेवू, काकांची आठवण म्हणून. काकूंनी कपाट उघडले आणि आगाशीची कॅसेट काढून त्याच्या हातावर ठेवली.

“ही घे. हिच्यात शेवटपर्यंत आहे.”

रोहनने ती उलटून पाहिली. “ही नको, काकू. ओरिजिनल द्या ना. काकांच्या हातची.”

काकूंनी वाद घातला नाही. आगाशीची परत घेतली आणि सातव्या भागाची दिली. त्याने ती खिशातल्या स्वच्छ रुमालात गुंडाळली, काकूंच्या पाया पडला आणि जिना उतरून गेला.

काकूंच्या हातात दुसरी कॅसेट तशीच होती. तिची जागा कपाटात ठरलेली नव्हती. त्यांनी ती थोडा वेळ धरून ठेवली आणि माझ्यापुढे केली.

“तुम्ही न्या ही,” त्या म्हणाल्या. “खरी आहे. कोणी मागितली तर देऊन टाका.”

अजून कोणी मागितलेली नाही.